बायबलमधील अभिवचने : सशर्त की विनाअट
बायबलमध्ये देवाने मनुष्याला दिलेल्या वचनास मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'अभिवचन' म्हणतात. ते आज्ञापालन व विश्वास यांवर अवलंबून असते काय, हा ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातील जुना प्रश्न आहे. नोहाशी केलेला करार (उत्पत्ती ९) विनाअट आहे. सीनाय पर्वतावरील करारास (निर्गम १९) आज्ञापालनाची अट आहे. दाविदाच्या राजवंशाचे अभिवचन २ शमुवेल ७ मध्ये शिक्षेनंतरही अढळ, तर १ राजे २ मध्ये वंशजांच्या वर्तनाशी बांधलेले दिसते. पौल अब्राहामाचा विश्वास पुरेसा मानतो (रोमकरांस ४). याकोब त्यास कृतीची जोड मागतो (याकोब २).

अमरावती व अकोला येथे कार्य केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या परंपरेत हा प्रश्न आजारपणाशीही निगडित आहे. ए. बी. सिंप्सन यांनी १८८७ साली अमेरिकेत सुरू केलेली ही चळवळ ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा, आरोग्यदाता व पुन्हा येणारा राजा मानते. त्यामुळे रोगी बरा न झाल्यास दोष त्याच्या विश्वासास द्यावा काय, असा पेच निर्माण होतो. पौलाच्या शरीरातील काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही. त्याला कृपेचे अभिवचन मिळाले (२ करिंथ १२). त्यावरून, बरे न होणे हा अविश्वासाचा पुरावा नव्हे, असे अनेक भाष्यकार मानतात.