टेनेरिफ हुकलं, सांतियागो लाभलं

केंब्रिजची पदवी घेतलेल्या २२ वर्षांच्या चार्ल्स डार्विनला खरं तर टेनेरिफ बेट पाहायचं होतं. हम्बोल्ट वाचून त्याला त्याचं वेडच लागलं होतं. ‘बीगल’ जहाज ६ जानेवारी १८३२ रोजी तिथं पोचलंही. पण इंग्लंडात कॉलरा, तेव्हा बारा दिवस कुणी उतरायचं नाही, असा हुकूम आला. कप्तान फिट्झरॉय थांबला नाही.

दहा दिवसांनी केप व्हर्दमधल्या सांतियागो बेटावर, प्राया बंदरात नांगर पडला. बेट तसं उजाड. तरी तिथली केळी आणि चिंचेची झाडं पाहून डार्विन हरखून गेला. मंडळी, आपल्याला त्यात नवल कसलं! पण किनाऱ्याच्या कड्यात, समुद्रापासून सुमारे ४५ फुटांवर, शिंपल्यांचा एक आडवा पांढरा पट्टा होता आणि त्यावर काळा लाव्हा. म्हणजे समुद्राचा तळ आधी लाव्ह्याखाली गेला, मग हळूहळू वर उचलला गेला! जमीन सावकाश घडते, हे लायेलचं म्हणणं. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड फिट्झरॉयनंच डार्विनला भेट दिला होता. आता पुरावा समोर उभा होता. आपणही भूशास्त्रावर पुस्तक लिहू शकू, हे त्याला इथंच प्रथम सुचलं, असं तो आत्मचरित्रात सांगतो.

८ फेब्रुवारीला जहाज सुटलं. ज्वालामुखी बेटांवरचं त्याचं पुस्तक १८४४ मध्ये निघालं.