मोजदाद जगणाऱ्यांची

लंडन शहरात १६३२ साली कोण कशाने मेले याची एक छापील यादी उपलब्ध आहे. तीत 'कॅन्सर आणि लांडगा' या एकाच शीर्षकाखाली दहा मृत्यू दाखवले आहेत. लांडगा म्हणजे जनावर नव्हे. मांस कुरतडत जाणाऱ्या व्रणाला तेव्हा हेच नाव होते. अशाच याद्यांवरून जॉन ग्राँटने १६६२ मध्ये आपले पुस्तक रचले, आणि संख्याशास्त्राचा इतिहास बहुधा तिथून सांगितला जातो. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ही मोजदाद मेलेल्यांची होती. मृताचे दफन करावे लागते, म्हणून त्याची नोंद होते. कर्करोग घेऊन जगणाऱ्या माणसाची नोंद कोणी करावी?

हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो जर्मनीत. १५ ऑक्टोबर १९०० या एका दिवशी आपल्या उपचाराखाली कर्करोगाचे किती रुग्ण आहेत, हे कळवण्यासाठी देशातील प्रत्येक डॉक्टरला प्रश्नपत्रिका धाडण्यात आली. पुढील काही वर्षांत नेदरलँड्स, स्पेन, हंगेरी, स्वीडन, डेन्मार्क अशा देशांनी तोच मार्ग चोखाळला. हे सारे प्रयत्न फसले, आणि त्याचे मुख्य कारण डॉक्टरांचे असहकार्य हे होते. कल्पना मात्र सुंदर होती. एका तारखेला साऱ्या देशाने थांबून आपल्यातले आजारी मोजायचे. परंतु डॉक्टरकडे न गेलेला, गेला तरी निदान न झालेला, किंवा निदान झाल्यावर घरी परतलेला माणूस त्या कागदावर येणार कसा?

यातून जो धडा घेतला गेला तो असा, की एका दिवसाचे छायाचित्र काढण्याऐवजी अखंड नोंदवही ठेवावी. डेन्मार्कची राष्ट्रीय कर्करोग नोंदणी १९४२ पासून चालू आहे. तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला क्रमांक मिळाला, त्यामुळे निदान आणि मृत्यू या दोन नोंदी एकमेकींशी जुळवता येतात. ज्याचे निदान आहे आणि मृत्यू नाही, तो जगतो आहे. इतकी साधी वजाबाकी!

आपल्याकडे ही वजाबाकी साधी नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. पण रुग्णालयाचे दफ्तर म्हणजे शहराची मोजदाद नव्हे. भारतातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ साली उभी केली. रुग्णालये आपण होऊन माहिती देतील ही आशा न धरता, नोंदणीचे कर्मचारीच रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींपर्यंत जाऊ लागले. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे या चिकाटीमुळेच आकड्यांत मांडता आले.

या नोंदणीचा एक नियम साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावा. रुग्ण त्या शहराचा रहिवासी असला पाहिजे. परळच्या पदपथावर अंथरूण टाकून उपचारांची वाट पाहणारे जे परगावचे कुटुंब आपल्याला सर्वप्रथम दिसते, ते मुंबईच्या आकड्यात नसतेच. ते आपल्या गावच्या आकड्यात असावे, अशी अपेक्षा. पण त्या गावाला नोंदणी असेल तर! २०२० च्या राष्ट्रीय अहवालात अशा २८ नोंदण्या होत्या आणि त्यांच्या कक्षेत देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या येत होती. उरलेल्यांचा अंदाज बांधावा लागतो.

म्हणूनच बार्शीचे मोल मोठे. १९८७ साली तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांची नोंदणी सुरू केली. खेड्यात दफ्तरेच नव्हती. मग पाहायचे काय? कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, कोणती लक्षणे दिसली तर दवाखाना गाठावा हे समजावून देत राहिले. परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. मोजणाऱ्याने मोजायच्या वस्तूलाच हात लावला होता. शास्त्राच्या कठोर दृष्टीने हा दोष ठरेल. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत देखणे पान वाटते.

आता आजचा आकडा. २०२२ साली भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आणि ९.२ लाख मृत्यू, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आणि मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले सुमारे ३२.६ लाख. हे ३२.६ लाख कोणी दारोदार जाऊन मोजलेले नाहीत. नवे रुग्ण किती आणि ते किती काळ जगतात, यांवरून ते काढलेले आहेत. साऱ्या जगासाठी तोच आकडा ५.३५ कोटी, आणि नवे रुग्ण २ कोटी. म्हणजे जगात एका नव्या रुग्णामागे पावणेतीनच्या आसपास हयात माणसे, तर आपल्याकडे २.३. कर्करोगाचे प्रकार निरनिराळे असल्याने या फरकाचे सगळे कारण एकच नाही, परंतु उशिरा होणारे निदान आणि अपुरे उपचार त्यात नक्कीच आहेत. हा आकडा वाढला की वर्तमानपत्रे घाबरवतात. वास्तविक उपचार सुधारले, तरीही तो वाढतोच.

शिवाय 'जगणारा' म्हणजे कोण, हेही सर्वत्र सारखे नाही. फिट्झ्यू मुलन या डॉक्टरने १९८५ मध्ये स्वतःच्या आजारावरून एक निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्थापन झालेल्या रुग्णांच्या संघटनेने निदानाच्या क्षणापासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत प्रत्येकाला या शब्दात सामावून घेतले. २०२२ च्या आरंभी अमेरिकेत असे १.८१ कोटी लोक होते. हा आकडा आपल्या ३२.६ लाखांशेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे लेख सर्रास दिसतात. एकात पाच वर्षे आहेत, दुसऱ्यात सारे आयुष्य. तुलना करायची तर मोजपट्टी एक हवी, असो.

२००४ चा 'श्वास' आठवावा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट शस्त्रक्रियेनंतर मुलगा गावी परततो तिथे संपतो; कोकणातल्या मुलाचे डोळे जातात, जीव वाचतो. तो मुलगा खरा असता, तर पुण्यात उपचार होऊनही पुण्याच्या आकड्यात नसता, कारण घर कोकणात. पाच वर्षांच्या हिशेबातून तो २००९ मध्ये बाहेर पडला असता, आणि आजोबांविना चालायला शिकत असता.