मयूरकवीचे श्रोते व वाचक

लेखकास वाचक कसा मिळतो, आणि मिळाल्यावर तो टिकतो कशानें, याची चर्चा हल्लीं फार ऐकूं येते. संगणकयंत्राच्या साह्यानें आपला लेख थेट वर्गणीदारांच्या हातीं धाडणारे लेखक आज पुष्कळ झाले आहेत, व दर आठवड्यास वाचकांचा आंकडा पाहून हर्ष वा खेद मानण्याची चाल त्यांच्यांत पडली आहे. प्रश्न नवा वाटला तरी तो छापखान्याहून जुना आहे. ज्या बारामतीबाहेर आज औद्योगिक वसाहतीचीं यंत्रें रात्रंदिवस चालतात, त्याच बारामतींत कऱ्हेच्या कांठीं एका ग्रंथकारानें सुमारें चाळीस वर्षें बसून लिहिलें. आपली एक ओळहि छापलेली त्याच्या दृष्टीस पडली नाहीं. तरी तो वारल्यावर साठ वर्षांनीं जुनीं मराठी काव्यें निवडून शाळेसाठीं छापण्याची वेळ आली, तेव्हां त्याचें नांव कोणास नव्यानें सांगावें लागलें नाहीं. मोरोपंत पराडकरांच्या बाबतींत हें कसें घडलें, याचा थोडा शोध प्रस्तुत लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यासंबंधीं दोन मतें बोलण्यांत येतात. पंतांस नाइकांचा आश्रय होता, म्हणून ते प्रसिद्धीस आले, हें एक. आणि पंतांची कीर्ति ही मुख्यत्वें इंग्रजी अमदानींतील शाळाखात्यानें व छापखान्यानें केली, एरवीं असल्या संस्कृतप्रचुर कवीस कोण विचारतें, हें दुसरें. दुसरें मत मांडणारांचा रोख केवळ पंतांवर नसतो; पेशवाईअखेरच्या समाजास अशी कविता कळतच नव्हती, असें त्यांस सुचवावयाचें असतें. म्हणून या प्रश्नाचा निकाल एका कवीपुरता राहत नाहीं.

प्रथम आश्रयाचें पाहूं. पंतांचा जन्म इ. स. १७२९ मध्यें पन्हाळगडावर झाला. घराणें मूळचें राजापूर तालुक्यांतील सौंदळचें. पन्हाळ्यास केशव व गणेश या पाध्येबंधूंपाशीं त्यांचें काव्यशास्त्राचें अध्ययन झालें, आणि वडील रामचंद्रपंत बारामतीकर नाइकांच्या पदरीं असल्यामुळें इ. स. १७५२ च्या सुमारास तेहि बारामतीस येऊन राहिले. बाबूजी नाईक जोशी हे मोठे सावकार. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींच्या भावास, आबाजी नाइकांस, दिलेली होती. परंतु या सोयरिकीमुळें पुण्याचा दरबार बारामतीच्या कवीस आपोआप खुला झाला असेल, असें समजणें चुकीचें होईल. इ. स. १७४० मध्यें बाजीराव वारले, तेव्हां रघूजी भोसल्यांनीं पेशवेपदासाठीं बाबूजींचेंच नांव पुढें केलें होतें, आणि शाहूमहाराजांनीं तीं वस्त्रें बाळाजी बाजीरावांस दिलीं. ज्या घरानें एकदां पेशवाईची आशा धरिली, त्या घरच्या आश्रितास पुण्यांत श्रोते मिळावयाचे ते आश्रयदात्याच्या शिफारशीनें मिळावयाचे नव्हते. नाइकांनीं पंतांस पोटापाण्याची निश्चिंती दिली, निवांत जागा दिली. हा उपकार लहान नव्हे. पण बारामतीच्या शिवेपलीकडे कविता नेणें हें नाइकांच्या हातचें काम नव्हतें.

वाड्यांत पंतांचें काम पुराणिकाचें होतें, आणि ही गोष्ट आमच्या मतें आजवर हवी तितकी लक्षांत घेतली गेलेली नाहीं. पुराणिक रोज त्याच मंडळीपुढें बसतो. कोणता प्रसंग चालला असतां श्रोता सरसावून बसतो व कोठें तो जांभई देतो, हें त्यास तत्काळ दिसतें. एकटा कोठडींत बसून लिहिणाऱ्या कवीस हा लाभ नाहीं. पंतांच्या आर्याभारतांत प्रसंगाची जी आटोपशीर मांडणी आहे, दोघांच्या संवादांत उत्तरास प्रत्युत्तर जें झटक्यासरशी येतें, त्याचें मूळ या रोजच्या बैठकींत आहे असें आम्हांस वाटतें.

आतां आर्येकडे वळूं. पंतांच्या प्रसाराचें खरें मर्म तेथें आहे. मराठींत जिला आर्या म्हणतात, ती पंतांच्या हातीं बहुधा गीति असते. पहिल्या व तिसऱ्या चरणांत बारा, दुसऱ्या व चौथ्यांत अठरा मात्रा. म्हणजे दोन सारख्या ओळी, शेवटीं यमक. ओवीप्रमाणें ती पुढच्या ओवीच्या खांद्यावर हात ठेवून चालत नाहीं. बहुतेक प्रत्येक आर्या आपल्यापुरती पुरी असते, व म्हणून ती ग्रंथांतून उचलून नेतां येते. कीर्तनकारास नेमकें हेंच हवें असतें. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगांत आख्यान लावतांना तो सगळा ग्रंथ वाचीत नाहीं. कथा आपल्या शब्दांनीं सांगतो, आणि प्रसंग कडेलोटास आला कीं एक आर्या चालीवर म्हणून तिचा अर्थ फोडतो.

यावरून पंतांच्या कठीणपणाविषयींच्या आक्षेपाचें उत्तर मिळतें. लांब समास, दुर्मिळ शब्द, श्लेष हे डोळ्यांनीं वाचणाऱ्या एकट्या वाचकास अडथळे आहेत खरे. परंतु कीर्तनांत आर्येबरोबर तिचा टीकाकारहि उभा असतो. जी ओळ ऐकतांच कळली तिच्यावर बोलण्यास बोवांस काय उरतें? अवघड आर्या बोवांस विद्वत्ता दाखविण्यास वाव देते, व अर्थ उलगडल्यावर श्रोत्यास आपणहि कांहीं मिळविलें असें वाटतें. मग ती यमकामुळें त्याच्या तोंडीं राहते. तो घरीं जाऊन ती म्हणतो. पंतांचा पहिला मोठा वर्ग हा असा कानानें जमलेला आहे. त्यांतील बहुतेकांनीं पंतांची पोथी हातीं घेतली नसेल.

सोलापूरचे रामजोशी यांची कथा या संदर्भांत नेहमीं सांगतात. बारामतीस त्यांच्या लावण्यांचा फड चालला असतां पंत ऐकावयास गेले, ती प्रतिभा पाहून त्यांनीं तिचें हरिकीर्तनांत चीज करण्याविषयीं सुचविलें, आणि रामजोशांनीं डफ टाकून वीणा घेतली, असा तिचा सारांश. कथेंतील नाट्य कोणीं किती वाढविलें असेल तें असो. तिच्यांतील मुख्य गोष्ट, म्हणजे रामजोशांसारख्या गोड गळ्याच्या व हजरजबाबी कीर्तनकारानें पंतांच्या आर्या गांवोगांव गाजविल्या, ही परंपरा एकमुखानें सांगते, व ती विश्वसनीय आहे. पंत स्वतः प्रवासी कीर्तनकार नव्हते. ज्यास लोकांनीं आधींच आपला म्हटलें आहे अशा माणसाच्या मुखीं त्यांची कविता पडली. बारामतीचा कवि व सोलापूरचा शाहीर यांच्या योगानें दोन वेगळे श्रोतृवर्ग एकत्र आले, ही त्या काळची लहान गोष्ट नव्हे.

पंतांनीं सर्वच लेखन एका वर्गासाठीं केलें नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे. सीतागीत, सावित्रीगीत हीं प्रकरणें स्त्रियांनीं घरकाम करतांना म्हणावीं अशा सोप्या वाणींत आहेत. भारताच्या युद्धपर्वांतील पंत व हे पंत एकच, हें सांगूनहि खरें वाटूं नये. पृथ्वीवृत्तांतील केकावली सुमारें सव्वाशे श्लोकांची. ती एका बैठकींत म्हणून होते, व वृद्धपणीं नित्यपाठास घेतां येते. याउलट अष्टोत्तरशत रामायणें पाहावीं. निरोष्ठ रामायणांत ओठांनीं उच्चारावयाचें अक्षर नाहीं, मंत्ररामायणांत मंत्राक्षरें ओळीनें गुंफलेलीं. हीं मित्रमंडळींत कौतुकासाठीं दाखविण्याजोगीं आहेत. पंतांच्या भक्तांची क्षमा मागून आम्ही असें म्हणतों कीं, त्यांतील बरींच कसरतीच्या सदरांत पडतात, आणि कीर्तनकारांनीं तीं बाजूस ठेविलीं यांत त्यांची रसिकता दिसते.

कानाचा वर्ग मोठा. डोळ्यांचा वर्ग लहान असणें तेव्हां अपरिहार्य होतें. सुमारें सतरा हजार आर्यांचें भारत उतरून घ्यावयाचें, तर रोज शंभर आर्या या मानानें साडेपांच महिने लागतात. कागद, शाई व लेखकाचें वेतन निराळें. आज एक बोट दाबून हजारांस प्रत धाडणारांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा. ज्यानें पोथी उतरली तो वाचक मात्र पक्का. त्याच्या हातून प्रत्येक अक्षर गेलें. लहान प्रकरणें सहज उतरतां येतात, म्हणून तींच आधीं पसरावयाचीं, हेंहि उघड आहे.

तरीहि या श्रोतृवर्गास मर्यादा होत्या, व त्या झांकण्याचें कारण नाहीं. पंतांचे समकालीन ताहराबादचे महीपति यांनीं इ. स. १७६२ मध्यें भक्तिविजय पुरा केला. साधी ओवी, संतांचीं चरित्रें, मध्यें टीकाकार नको. ज्या खेड्यांत एकच अक्षर ओळखणारा असे, तेथेंहि तो वाची व बाकीचे ऐकत. पंतांची आर्या तेथवर क्वचितच गेली. देवळाच्या सभामंडपांत ज्यांस बसूं देत नसत, त्यांच्या कानीं ती पडण्याचा मार्ग नव्हता. कृष्णराव भालेकरांनीं इ. स. १८७७ मध्यें पुण्यांत दीनबंधु काढला, तो ज्यांस आजवर कोणी वाचक समजलेंच नव्हतें अशांसाठीं. पंतांच्या श्रोत्यांचा विचार करतांना हे न मोजलेले श्रोते विसरतां कामा नयेत.

छापखान्याच्या काळाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो भाग पुष्कळांस ठाऊक आहे. इ. स. १८५४ मध्यें परशुरामपंततात्या गोडबोले यांचें नवनीत निघालें, आणि पंतांचे वेंचे शाळेंत गेले. इ. स. १८६५ मध्यें दादोबा पांडुरंग यांनीं केकावलीवर यशोदापांडुरंगी ही टीका प्रसिद्ध केली. येथें कीर्तनकाराची जागा छापील टीकेनें घेतली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें मासिकांचा काळ आला. इ. स. १८७४ मध्यें सुरू झालेली निबंधमाला हें तर एकाच माणसाचें मासिक होतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सात वर्षांत तिचे चौऱ्याऐंशी अंक लिहिले. मध्यें सरकारी नोकरींत त्यांची बदली रत्नागिरीस झाली, तरी माला तुटूं दिली नाहीं. तींतच त्यांनीं मोरोपंतांच्या कवितेवर विस्तारानें लिहिलें. इ. स. १८७८ पासून का. ना. साने व ज. बा. मोडक यांचा काव्येतिहाससंग्रह व इ. स. १८९० पासून निर्णयसागराचा काव्यसंग्रह ही मासिकें महिन्याच्या महिन्यास जुनें काव्य वर्गणीदारांच्या घरीं पोंचवूं लागलीं. इ. स. १९०८ मध्यें ल. रा. पांगारकरांनीं पंतांचें चरित्र लिहिलें, आणि रामकृष्ण दत्तात्रेय पराडकरांनीं समग्र ग्रंथ छापून काढले.

या सर्व थोरांनीं वाचक वाढविले, निर्माण केले नाहींत, असें आमचें म्हणणें आहे. वर्गणी आगाऊ भरून घ्यावयाची, तर मालाचें नांव गिऱ्हाइकानें आधीं ऐकलेलें असावें लागतें, आणि पंतांचें नांव साठसत्तर वर्षें कीर्तनकारांनीं ऐकविलेलें होतें. शाळेनें संख्या पुष्कळ वाढविली खरी. पण परीक्षेसाठीं अन्वय लावणारा मुलगा व रात्रीं देवळांतून आर्या गुणगुणत परतणारा गृहस्थ यांस एकाच आंकड्यांत मोजणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कीर्तनांतून आर्या जसजशी कमी झाली, तसतसा पंतांचा कवि म्हणून दरारा राहिला व सहवास गेला.

येथें एका हानीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. संपादकांनीं पंतांच्या पोथ्या शोधिल्या त्या शुद्ध पाठासाठीं. शुद्ध पाठाच्या दृष्टीनें कीर्तनकारांचीं बाडें निरुपयोगी ठरलीं, कारण त्यांत वामनाचा श्लोक, तुकोबांचा अभंग, पंतांची आर्या आणि कोणाची तरी साकी एकाच पानावर, शब्द इकडचे तिकडे झालेले, अशीं असतात. म्हणून तीं कोणीं जपलीं नाहींत. रद्दींत गेलीं, नदींत सोडलीं गेलीं. वस्तुतः पंतांस श्रोते कोठें व किती मिळाले, या प्रश्नाचा अस्सल पुरावा त्याच पानांवर होता. कवीनें काय लिहिलें हें मूळ पोथी सांगते. लोकांनीं त्यांतून काय घेतलें हें बाड सांगतें. पंतांची कविता पेशवाईंतील लोकांस कळत नव्हती असें म्हणणारांस खोडून काढण्यास याहून चांगलें साधन नाहीं, आणि तें आपण आपल्या हातांनीं घालवीत आहों.

बारामतीहून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या वाटेनें आजहि तुकोबांची पालखी दरसाल पंढरीस जाते. त्या वाटेवरील व आसपासच्या गांवांतील जुन्या कीर्तनकार, पुराणिक व जोशी घराण्यांत असें एखादें बाड माळ्यावर असल्यास तें टाकून देऊं नये, व स्वच्छ करण्याच्या भरांत पानांचा क्रम बदलूं नये. समासांत तिथि, देवळाचें नांव, मिळालेल्या बिदागीचा आंकडा किंवा चालीची खूण असेल तर ती जशीच्या तशी उतरून, कोणत्या आख्यानांत कोणती आर्या घेतली आहे तेवढें टिपून मंडळाकडे कळवावें. मूळ बाड धाडण्याची आवश्यकता नाहीं.