लाल कल्ल्याचा भरवसा

मासा घेताना आमच्याकडे आधी कल्ला उचलून बघतात. लाल दिसला की ताजा. तलासरीच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवताना मीही पोरांना तेच सांगायचो.

पण ताजा म्हणजे बिनविषारी नव्हे. विष घालून मासे मारणं वारली पाड्यांना नवं नाही. उन्हाळ्यात ओहळ आटून डोह उरला की गेळफळं ठेचून पाण्यात टाकायची, मासे गुंगून वर येतात. गेळफळातलं सॅपोनिन माशाचे कल्ले निकामी करतं, पण माणसाच्या आतड्यात फारसं शोषलं जात नाही आणि पाण्यात लवकर विरतं. रीत काही कौतुकाची नव्हे, पिल्लंही त्यात मरतात. पण पावसाळ्यात नवं पाणी आलं की वळगणीचे मासे पुन्हा चढतात.

धातू असा विरत नाही, गाळात बसून राहतो. तांबं-जस्त वाढलं की कल्ल्यांवर बुळबुळीत थर चढतो, मासा पाण्यातच गुदमरतो. कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने आत शिरून यकृतात, मूत्रपिंडात साठतं. शिशाने शेपटी काळी पडते, कणा वाकतो. पाऱ्याची गोष्ट सगळ्यात वाईट. गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो लहान माशातून मरळीच्या मांसात चढतो. शिजवून जात नाही, आणि कल्ला लालच राहतो! 1956 मध्ये जपानातल्या मिनामाताला त्याचं विष माणसांत दिसलं.

ही भीती आमच्यापासून दूर नाही. शेजारचा डहाणू तालुका 20 जून 1991 रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तरी 1995 मध्ये 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र सुरू झालंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. त्यांनी लावून धरलं म्हणून 2007 मध्ये गंधक पकडणारी यंत्रणा आली. मोठं काम. पण लोकांचं बोलणं धुराचं आणि चिकूच्या बागांचंच असायचं. कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक, पारा थोडाथोडा असतोच, हे कोण बोलणार? तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून मांगेला मच्छीमार समाजाची परिषद हरित लवादात गेली, तेव्हा खाडीच्या मासळीची दाद लागली. ओहळातल्या मरळीची बाजू घेणारी अशी परिषद नाही.

पण ग्रामसभा आहे. प्राधिकरण 19 डिसेंबर 1996 चं, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा त्याच वर्षीच्या 24 डिसेंबरचा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, गावच्या पाणवठ्यांवर गावाचा शब्द चालायला हवा. ग्रामसभांनी यंदाच्या उन्हाळ्यात डोहाचा गाळ आणि मरळीचं यकृत तपासायची मागणी ठरावाने करावी, आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून घ्यावा.