अलाबामाचा सॅक्सोफोन आणि समीक्षेची मालकी

संगीताला जात नसते, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. मग संगीत चांगले की वाईट हे ठरवणाऱ्याला जात असते की नाही? अमेरिकेतील जॅझचा इतिहास याचे उत्तर देतो.

जॅझ कृष्णवर्णीयांनी घडवले. त्यावर निवाडा देणारे समीक्षक मात्र बहुतांश गोरे. नोव्हेंबर १९६१ मध्ये 'डाउन बीट' मासिकात जॉन टायनन या समीक्षकाने जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांचे वादन 'जॅझविरोधी' ठरवले. ज्यांचे संगीत, तेच त्याचे विरोधी! दोघांनी एप्रिल १९६२ मध्ये त्याच मासिकातून उत्तर दिले. ऑगस्ट १९६३ मध्ये कृष्णवर्णीय कवी लरॉय जोन्स यांनी तिथेच गोऱ्या समीक्षकांच्या मक्तेदारीवर लेख लिहिला.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये बॉम्बस्फोट केला. चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. पहिल्या आरोपीला शिक्षा व्हायला १९७७ उजाडले. खैरलांजीनंतरच्या आपल्या पिढीला हा विलंब समजावून सांगावा लागत नाही.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी कोल्ट्रेनने 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली. सोबत पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. रचनेत शब्द एकही नाही, तरी शोक आणि संताप लपत नाही. १९६४ च्या 'लाइव्ह अॅट बर्डलँड' या अल्बममध्ये ती आली आणि अल्बमवरचे टिपण लिहिले लरॉय जोन्स यांनी. वादक आपला, भाष्यकारही आपला. १९६५ मध्ये त्याच 'डाउन बीट'च्या वाचकांनी कोल्ट्रेनला 'हॉल ऑफ फेम'मध्ये नेले.

आता आपल्याकडे पाहू. दलित साहित्याला 'प्रचारकी', 'आक्रस्ताळे' म्हणणारे कोण होते? वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोहोचली, पण प्रस्थापितांच्या संगीतचर्चेत त्यांना जागा किती? १९७२ च्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तिचे मोल आम्ही नाकारत नाही. पण आपले मोल दुसऱ्याच्या प्रस्तावनेवर का ठरावे?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, कारण इतरांची वृत्तपत्रे आपापल्या जातींचे हित पाहत होती. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने साहित्यात तेच काम केले. आपल्या संगीताच्या समीक्षेचे काम मात्र अजून अपुरे आहे.

शिंदखेडा तालुक्यात जयंतीला गाणारे गायक, ढोलकीवाले, बँडवाले आहेत. त्यांची नावे, त्यांची गाणी, त्यांची चाल कोण नोंदवणार? बाहेरचा समीक्षक येईल म्हणून थांबायचे का? आपण मिरवणुकीत नाचतो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्या गायकाच्या दारी बसू या. चांगले वाटले ते लिहू, उणे वाटले तेही लिहू. गाणे आपले असेल, तर त्याचा निवाडाही आपणच केला पाहिजे.

जय भीम!