पालीच्या पायावर आधारित आसंजके

पालीच्या पायाच्या रचनेचे अनुकरण करून तयार केलेले, गोंदाशिवाय चिकटणारे व सहज सुटणारे कोरडे पदार्थ. घोरपड खडकाच्या खाचांत नखे रोवून चढते. पाल मात्र नखांना आधार नसलेल्या काचेवरही टिकते. पाल डोके खाली करून झाडावर धावते, हे ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांना ठाऊक होते, तथापि ह्या क्षमतेचे कारण विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वादग्रस्त राहिले.

पालीच्या बोटांत चिकट स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथी नसतात. चूषणाची कल्पना डेलिट यांच्या १९३४ मधील प्रयोगांनी निकालात निघाली. कारण निर्वातातही पाय चिकटून राहिला. क्ष-किरणांनी हवा आयनीभूत केल्यावरही पकड टिकल्याने स्थिर विद्युत् हे प्रमुख कारण नव्हे, असे दिसले. १९६५ मध्ये रूइबाल व अर्न्स्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बोटांवरील दृढरोमांची रचना स्पष्ट केली. प्रत्येक रोमाच्या टोकाला शेकडो अतिसूक्ष्म चपट्या शाखा असतात. त्या पृष्ठभागाच्या इतक्या निकट येतात की, रेणूंमधील दुर्बल व्हान डर व्हाल्स प्रेरणा एकत्रितपणे प्रबळ होतात. केलर ऑटम, रॉबर्ट फुल व सहकाऱ्यांनी २००० मध्ये टोके पालीच्या एकेका रोमाची प्रेरणा मोजली (सु. २०० मायक्रोन्यूटन) व २००२ मध्ये व्हान डर व्हाल्स प्रेरणांना पुष्टी देणारा पुरावा मांडला. एका पायावर सु. ५ लाख रोम असतात. ते सर्व एकाच वेळी चिकटले, तर सु. १०० न्यूटन प्रेरणा मिळेल. प्रत्यक्षात पायाची मोजलेली प्रेरणा ह्याच्या सु. एकदशांश भरते. रोम पृष्ठभागाशी सु. ३०° चा कोन करताच सुटतो. म्हणून पालीला बोटे उचलण्यास श्रम पडत नाहीत.

पहिली कृत्रिम पट्टी आंद्रे गाइम व सहकाऱ्यांनी मँचेस्टर येथे २००३ मध्ये बनविली; मात्र काही वेळा वापरताच तिची पकड क्षीण झाली. पुढे आरोहणाची साधने घडली. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २०१४ मध्ये दाखविलेल्या प्रयोगात सु. ९९ किग्रॅ. वजनाचा मनुष्य सु. २३ किग्रॅ. ओझ्यासह ७.६ मी. उंच काच चढून उतरला. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॉक्स, कटकॉस्की इत्यादींच्या साधनाने ७० किग्रॅ. वजनाचा मनुष्य ३.६ मी. काच चढला. त्यात प्रत्येक हाताला केवळ १४० चौ. सेंमी. आसंजक होते. ते २४ तुकड्यांत विभागून निकेल-टिटॅनियम स्प्रिंगांनी भार सर्वांवर सारखा वाटला होता. पदार्थ अधिक चिकट करण्यापेक्षा भाराची ही समान वाटणी हाच यशाचा खरा आधार ठरला.

आकारमान वाढते तसे वजन पृष्ठफळापेक्षा जलद वाढते, ही मूळ अडचण होय. प्राण्यांच्या पायांच्या तुलनेवरून केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार मनुष्याला ह्या रीतीने चढण्यासाठी शरीराच्या सु. ४० टक्के पृष्ठभागावर आसंजक लागेल. स्टॅनफर्डच्या साधनाने काचेपुरती ही मर्यादा ओलांडली. परंतु कड्यावरील खडक खडबडीत, धुळकट व अनेकदा ओला असतो. तेथे सूक्ष्म शाखांचा निकट संपर्कच साधत नाही, आणि पकड सुटण्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. म्हणून गिर्यारोहणात जीवरक्षणाचा भार आजही दोर, कमरपट्टा व खडकात रोवलेल्या खिळ्यांवरच असतो. ह्या आसंजकांचा उपयोग तूर्त काच व तत्सम गुळगुळीत पृष्ठभागांपुरता संभवतो.