चॉल्डनची भिंत: चुन्याखाली राहिलेला हिशोब

इंग्लंडमधलं जुनं चर्च म्हटलं की उंच मनोरे आणि रंगीत काचा डोळ्यांसमोर येतात ना? आजचं चर्च तसं नाही. लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात चॉल्डन नावाचं गाव आहे. तिथलं सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचं चर्च एवढंसं, गारगोटीच्या दगडांत बांधलेलं. खरी गंमत आत आहे, पश्चिमेच्या भिंतीवर.

तिथे साधारण इ.स. १२०० मधलं एक चित्र आहे. सुमारे १७ फूट रुंद, ११ फूट उंच. गडद तांबडी पार्श्वभूमी, त्यावर फिकट रंगाची माणसं. मधोमध एक शिडी. काही जीव धडपडत वर चढतायत, काही खाली कोसळतायत. वरच्या भागात देवदूत आत्म्यांचं वजन करतोय आणि सैतान काट्यात गडबड करू पाहतोय. खाली नरक, उकळती कढई, भुतं. प्रार्थना लॅटिनमध्ये, गावकऱ्यांना अक्षरओळख नाही. त्यांच्यासाठी ही भिंतच पोथी होती.

आता खालचा उजवा कोपरा झूम करून बघा. ज्वाळांमध्ये एक सावकार बसलाय, गळ्यात पैशांची थैली. हा इथे का? तर ११७९ मध्ये रोमला झालेल्या धर्मपरिषदेने ठरवलं होतं, की उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्याला ख्रिस्ती विधीने मूठमातीही द्यायची नाही. त्यानंतर जेमतेम वीसेक वर्षांत हा सावकार एका खेड्याच्या भिंतीवर दिसतो.

त्याच्या डोक्यावर खिळ्यांचा पूल आहे. दोन भुतांनी तो उचलून धरलाय आणि त्यावर कारागीर उभे आहेत. लोहाराकडे नाल आहे, पण ऐरण नाही. अभ्यासक म्हणतात, हे धंद्यात लबाडी करणारे लोक. म्हणजे बघा, नरकात फक्त खुनी आणि राक्षस नाहीत. गावातलीच रोजची माणसं आहेत, आणि गुन्हा काय, तर काम खोटं केलं. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हा पूल मला जरा जास्तच टोचतो. ‘चालतंय, देऊन टाक’ म्हणत टेस्ट न करता पाठवलेलं काम, त्याची जागा कुठे?

पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेचं वारं आलं. १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राजवटीत चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकायचे हुकूम सुटले. देशभर भिंतींवर चुना फिरला. चॉल्डनचं चित्रही चुन्याखाली गेलं आणि तिथे प्रार्थनेला येणाऱ्या कित्येक पिढ्यांना आपल्यामागे काय दडलंय याचा पत्ताच नव्हता.

१८७० च्या सुमारास भिंतींचं काम निघालं. तिथले धर्मगुरू हेन्री शेफर्ड यांना चुन्याखाली रंग दिसला आणि त्यांनी काम थांबवायला लावलं. सरेच्या पुरातत्त्व मंडळाने मग ते चित्र साफ करून घेतलं. पुसायला म्हणून लावलेल्या चुन्याने ते धूर आणि उजेडापासून जपलं होतं.

शेफर्ड त्या दिवशी ‘चालतंय, रंगवून टाका’ म्हणाले असते, तर आजचा एपिसोड झालाच नसता. भेटू पुढच्या भागात!